लकोटा आणि शायेन छावण्यांतून दिसलेलं युद्ध, १८६४ ते १८७७

रानवाट (धागाकर्ता)

२५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन या उत्तर अमेरिकेच्या मैदानी जमातींनी अमेरिकी फौजेच्या कस्टरला हरवलं. त्या पराभवाबद्दल कुठेही वाचायला घ्या, गोष्ट घोडदळाच्या रांगेपासून सुरू होते. नदीपलीकडच्या छावणीत त्या दुपारी काय चाललं होतं ते शेवटी येतं, आलंच तर. हा धागा छावणीच्या बाजूने चालवावा अशी विनंती. लकोटा आणि उत्तर शायेन लोकांनी स्वतः सांगितलेलं, चितारलेलं आणि घराघरांत जपलेलं इतकं आहे की नुसते अंदाज बांधत बसायची गरज नाही.

माझा मुद्दा आधीच मांडतो. फौजेच्या नकाशावर जे रणांगण दिसतं, ते या लोकांसाठी बऱ्याचदा राहतं गाव होतं. बायका-मुलांना निसटायला वेळ मिळावा म्हणून पुरुष मागे थांबून लढत. आणि हे गाव चालतं होतं, हे विसरलं की एकही लढाई नीट उलगडत नाही.

चालतं गाव म्हणजे काय ते बघा. एका टीपीला, म्हणजे कातड्याच्या निमुळत्या तंबूला, बायसनची साधारण १२ ते २० कातडी आणि पंधरा-वीस खांब लागत. मुक्काम हलवताना तेच खांब घोड्याच्या खांद्यांवर बांधून मागे फरफटत न्यायचे आणि त्यांवर सामान लादायचं, कधी लहान मुलं बसवायची. सामानाचे घोडे वेगळे, बसायचे वेगळे, आणि शिकारीचा व लढाईचा घोडा त्याहून वेगळा. तो रात्री तंबूच्या दाराशी बांधलेला असे. अशी शेकडो कुटुंबं एकत्र आली की हजारो घोडे आले, आणि काही दिवसांतच भोवतालचं गवत संपलं. मोठी छावणी उन्हाळ्यात जमायची आणि तीही फार काळ एका जागी टिकायची नाही, याचं कारण हे. हिवाळ्यात टोळ्या विखुरत, नदीकाठच्या झाडीत उतरत, घोड्यांना कॉटनवुडची साल खायला घालत. मार्चपर्यंत घोड्यांच्या बरगड्या मोजता येत.

फौजेच्या घोड्याचा ठरलेला शिधा रोज १२ पौंड दाणा आणि १४ पौंड वाळलेलं गवत. गाड्यांनी दाणा पोचतोय तोवर हा घोडा भर थंडीतही चालतो. रसद तुटली की मात्र नुसत्या गवतावर पोसलेल्या मैदानी घोड्याच्या कितीतरी आधी तो बसतो.

आता तारखा बघा. सँड क्रीक, २९ नोव्हेंबर १८६४. वॉशिटा, २७ नोव्हेंबर १८६८. पावडर नदी, १७ मार्च १८७६. रेड फोर्क, २५ नोव्हेंबर १८७६. चारही हल्ले थंडीतले, सकाळच्या वेळी मुक्कामावर केलेले. वॉशिटाला कस्टरच्या अहवालानुसार ८७५ घोडे आणि खेचरं पकडली गेली आणि त्यांतली बहुतेक तिथेच मारून टाकली. घोडे मेले की पुढचा मुक्काम नाही, शिकार नाही, तंबू वाहून नेणं नाही.

सँड क्रीकची गोष्ट इथे सोडून चालणार नाही, कारण पुढच्या बारा वर्षांत शायेन लोकांनी गोऱ्यांच्या शब्दावर विश्वास का ठेवला नाही याचं उत्तर तिथे आहे. ब्लॅक केटल या शायेन पुढाऱ्याची छावणी तहाची बोलणी करून, फोर्ट लायनच्या आसऱ्याला म्हणून तिथे उतरली होती. तंबूवर अमेरिकी झेंडा आणि पांढरं निशाण होतं. कर्नल शिव्हिंग्टनच्या सुमारे ६७५ सैनिकांनी पहाटे हल्ला केला. मेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारे. कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी चालवू दिली नाही, चौकशीत साक्ष दिली, आणि एप्रिल १८६५ मध्ये डेनव्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली गेली. जगलेल्या शायेनांनी लकोटा आणि अरापाहो या दोस्त जमातींकडे युद्धाचा पाइप, म्हणजे युद्धात सामील होण्याचं बोलावणं, पाठवला.

जुनेनकाशे

उत्तम सुरुवात. मी डिसेंबर १८६६ च्या लढाईबद्दल लिहितो, जिच्यात कॅप्टन फेटरमनची तुकडी सापळ्यात मारली गेली, कारण छावणीच्या बाजूची आखणी इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी एक पार्श्वभूमी. आमिष दाखवून सैनिकांना दबा धरलेल्या जागी ओढणं हा डाव या लोकांनी त्याआधीही टाकला होता आणि तो फसला होता. ७ जानेवारी १८६५ ला जूल्सबर्गला आमिष ठरल्याप्रमाणे निघालं, सैनिक मागे लागले, पण टेकड्यांत लपलेल्या तरुणांना धीर निघाला नाही. ते वेळेआधी बाहेर पडले. १४ सैनिक मेले, बाकीचे कोटात परतले. जुलै १८६५ मध्ये प्लॅट नदीच्या पुलावरही पहिल्या दिवशी आमिषाला फळ आलं नाही. अडचण प्रत्येक वेळी तीच: हजार लोक तासन्‌तास गप्प बसवायचे कसे?

लढवय्यांच्या मंडळांचा खरा उपयोग इथे होतो. लकोटांत त्यांना अकिचिता म्हणतात. सामुदायिक शिकारीत पुढे पळून कळप उधळणाऱ्याला चाबकाने फोडायचा, त्याचा तंबू फाडायचा अधिकार त्यांना असे. युद्धाच्या वेळी तीच शिस्त लपलेल्या माणसांना लावायची. डिसेंबर १८६६ मध्ये ती टिकली.

फोर्ट फिल कार्नी या फौजेच्या कोटाचं सरपण आणि इमारती लाकूड काही मैलांवरच्या पाइनच्या जंगलातून गाड्यांनी येई. ६ डिसेंबरला त्या गाड्यांवर हल्ला करून पाहिला. सैनिक किती लांब पाठलाग करतात आणि त्यांची फळी कुठे फुटते ते त्या दिवशी कळलं. २१ डिसेंबरला:

एका गटाने लाकडाच्या गाड्या अडवल्या. कोटातून कुमक निघाली: फेटरमनसह पायदळाचे ५०, ग्रमंडसह घोडदळाचे २८, कॅप्टन ब्राउन आणि दोन नागरिक. एकूण ८१. लॉज ट्रेल रिज ओलांडायची नाही असा हुकूम होता. पण आमिष म्हणून निवडलेली थोडकी माणसं, शायेन, अरापाहो आणि लकोटा तिन्हींतली, अगदी बंदुकीच्या टप्प्याच्या कडेकडेने घोडे चालवत राहिली. कधी उतरून घोड्याचा पाय तपासायचा, कधी घोडा थकल्यासारखं दाखवायचं. सैनिक धारेपलीकडे उतरले आणि कोटातून दिसेनासे झाले.

पलीकडच्या उतारावर एका अंगाला शायेन आणि अरापाहो, दुसऱ्या अंगाला लकोटा. घोडे नसलेले गवतात पडून, घोडेस्वार त्यांच्या मागे. घोडा खिंकाळू नये म्हणून नाकावर हात दाबून धरलेला. आमिषवाले तळाशी पोचले, दोन ओळींत विभागले, वळले आणि एकमेकांना छेदून गेले. ही खूण. त्या खुणेपर्यंत कोणी हललं नाही.

आता चूक कुठे झाली ते फौजेच्या बाजूनेही बघा. घोडदळ पुढे गेलं, पायदळ मागे राहिलं, मध्ये मोठी फट पडली आणि दोन तुकड्यांचा दोन ठिकाणी फडशा पडला. पायदळाकडे ठासणीच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. सरावलेला माणूस मिनिटाला फार तर तीन बार काढतो. घोडदळाकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर, दोघा नागरिकांकडे हेन्री रायफली. त्या दोघांजवळच्या खडकांपाशी प्रतिकार सगळ्यात कडवा झाला. बाकी काम बाणांनी केलं. ८१ जणांतले बंदुकीने मेलेले फक्त सहा, असं कोटाच्या डॉक्टराने नोंदवलं आहे.

लकोटांच्या वर्षनोंदींत, म्हणजे कातड्यावर दर हिवाळ्याला एक चित्र काढायच्या परंपरेत, त्या वर्षाला शंभर गोरे मारले ते वर्ष म्हणून खूण केलेली सापडते.

पारिजातक

छान माहिती, जुनेनकाशे. एक विचारते: हाच डाव पुढच्या वर्षी का चालला नाही? ऑगस्ट १८६७ मध्ये एक-दोन तारखेला लागोपाठ दोन हल्ले झाले, हेफील्ड आणि वॅगन बॉक्स. दोन्हीकडे सैनिक मूठभर होते, तरी वाचले.

जुनेनकाशे

पारिजातक ताई, बंदूक बदलली म्हणून. जुलै १८६७ मध्ये मागून काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड त्या कोटांत पोचल्या. लढवय्यांची चाल सरळ होती: पहिला बार घेऊ द्यायचा, आणि ठासणीची बंदूक पुन्हा भरायला जी वीसेक सेकंदं लागतात त्यांत घोडा अंगावर घालायचा. २ ऑगस्टला, वॅगन बॉक्सच्या लढाईत, ती सेकंदं आलीच नाहीत. लाकूडतोड्यांच्या गाड्यांच्या १४ पेट्या गोल मांडून, आत ३० च्या आसपास माणसं. घोड्यावरून चढाई करून पाहिली, मग पायी, घळीच्या आडोशाने येऊन पाहिली. पेट्यांच्या कडेपर्यंत पोचता आलं नाही.

यातून ते काय शिकले ते महत्त्वाचं. पक्क्या आडोशामागच्या माणसांवर पुन्हा अशी चढाई केली नाही. रस्ता बंद ठेवला, गाड्या लुटल्या, सरपण-चारा महाग करून सोडला. १८६८ च्या उन्हाळ्यात फौजेने बोझमन वाटेवरचे, म्हणजे मोंटानाच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कोट सोडले, शायेनांनी फिल कार्नी जाळला. मगच ६ नोव्हेंबर १८६८ ला लकोटा पुढारी रेड क्लाउडने फोर्ट लॅरमीला येऊन तहावर सही केली. कोट रिकामे होईपर्यंत तो आला नाही.

अश्वत्थ

शस्त्रांबद्दल थोडी भर. धनुष्य जुनाट हत्यार आणि बंदूक आधुनिक, अशी वाटणी त्या काळात तिथे लागू होत नाही.

मैदानी धनुष्य आखूड, साडेतीन-चार फुटांचं, घोड्यावरून दोन्ही बाजूंना वळवता येईल असं. लाकूड अ‍ॅश किंवा चोकचेरीचं, पाठीवर बायसनच्या स्नायूंची तात खळीने चिकटवलेली. दोरीही तातेचीच. पावसात भिजली की ढिली पडते, म्हणून कातड्याच्या म्यानात जपून ठेवावी लागते. बाणाची काठी चोकचेरी किंवा डॉगवुडची, आगीवर गरम करून सरळ केलेली. टोक १८६० नंतर बहुतेक लोखंडी: पिंपांच्या पट्ट्या, तवे, गाडीची मोडतोड, किंवा व्यापाऱ्याकडची तयार टोकं. टोक तातेने बांधलेलं असतं. रक्ताने तात सैल होते, बाण ओढला की काठी हातात येते आणि लोखंड आत राहतं. फौजेचे डॉक्टर यालाच घाबरत.

बंदुकीचा त्रास वेगळा. गोळ्या व्यापाऱ्यांकडून किंवा उत्तरेकडच्या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांकडून मिळत, पण एका छावणीत दहा तऱ्हेच्या बंदुका, प्रत्येकीचं काडतूस निराळं. लोक रिकामी पितळी काडतुसं गोळा करून पुन्हा भरत: बूड उकरून जुनी टोपी काढायची, तिथे ठासणीच्या बंदुकीची टोपी बसवायची, दारू आणि घरी ओतलेली शिशाची गोळी घालायची. माप जरा चुकलं की काडतूस नळीत अडकतं किंवा बार फुसका जातो. हेन्री आणि १८६६ ची विंचेस्टर दोन्हींना .४४ चं काडतूस चालतं, पण त्याची दारू कडेने पेटते. त्याला मध्ये टोपीच नसते, त्यामुळे ते पुन्हा भरणं फार अवघड. म्हणून जवळून, नेमक्या वेळी वापरायची ती बंदूक.

आणि काळ्या दारूचा धूर जागा दाखवतो. शायेन लढवय्या वुडन लेग याने लिटल बिगहॉर्नबद्दल सांगताना हे स्पष्ट केलं आहे: घळीत लपून बाण वर कमानीत सोडला की तो टेकडीवरच्या सैनिकांवर आणि घोड्यांवर वरून पडतो, आणि सोडणारा कुठे आहे ते कळत नाही.

मुक्तछंद

लढवय्याची वैयक्तिक बाजूही यायला हवी. ती समजून घेतली नाही तर या लोकांचं वागणं बेशिस्त वाटतं, आणि बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या तोच समज करून देतात.

जिवंत, हत्यारबंद शत्रूला हाताने किंवा काठीने शिवणं हा मान मारण्यापेक्षा मोठा. एका शत्रूवर शायेनांत तिघांना असा मान घेता येई, लकोटांत चौघांना, आणि पहिला सगळ्यात मोठा. परत आल्यावर तो सर्वांसमोर सांगायचा आणि साक्षीदाराने दुजोरा द्यायचा. खोटं सांगणाऱ्याची अब्रू उरत नसे. म्हणजे प्रत्येक जण लढाईत स्वतःचं नाव जबाबदारीने मिळवायला उतरलेला. त्याला हुकूम देणारा कोणी नाही. मंडळाचा नाईक चाबूक दाखवून अडवू शकतो, पण "तू तिकडे जाऊन मर" असं सांगू शकत नाही.

सगळ्यात कठीण नियम शायेनांच्या डॉग सोल्जर मंडळाचा. चार निवडक माणसांकडे कातड्याचा लांब पट्टा असे, खांद्यावरून घ्यायचा. माघारीच्या वेळी पट्ट्याचं टोक खुंटीने जमिनीत ठोकायचं आणि तिथेच उभं राहायचं. साथीदाराने येऊन खुंटी उपटली तरच निघायचं. ११ जुलै १८६९ ला समिट स्प्रिंग्जला छावणीवर अचानक हल्ला झाला तेव्हा वुल्फ विथ प्लेंटी ऑफ हेअर याने असा पट्टा ठोकला. खुंटी उपटायला कोणी उरलं नाही.

तयारीचंही तसंच. शायेन लढवय्या रोमन नोजच्या शिरोभूषणाला पथ्य होतं, धातू लागलेलं अन्न खायचं नाही. सप्टेंबर १८६८ मध्ये एका लकोटा घरी भाकरी लोखंडी काट्याने उचलली गेली हे त्याला जेवल्यावर कळलं. शुद्धीचा विधी करायला दिवस लागले असते. फौजेच्या फोर्साइथच्या ५० स्काउटांशी (टेहळ्यांशी) लढाई आधीच जुंपली होती. तो थांबला, लोकांनी बोलावलं, गेला, आणि १७ सप्टेंबरला मारला गेला. शायेनांच्या सांगण्यात त्या दिवसाची मुख्य गोष्ट ही आहे. फौजेच्या इतिहासात बेटावर वेढले गेलेल्या स्काउटांनी मेलेल्या घोड्यांचं मांस खाल्लं, ही.

रानवाट

मुक्तछंद, हे फार मोलाचं. आता १८७६ कडे येऊ. कालक्रम आधी एका जागी मांडतो.

डिसेंबर १८७५ मध्ये सरकारचे निरोप निघाले: ३१ जानेवारी १८७६ पर्यंत एजन्सीत (रिझर्वेशनवरच्या, म्हणजे राखीव मुलखातल्या, सरकारी कचेरीत) हजर व्हा, नाहीतर शत्रू समजू. निरोप पोचायलाच आठवडे लागले, आणि भर थंडीत, खंगलेल्या घोड्यांवर, बायका-मुलांसह शेकडो मैल येणार कोण? १७ मार्चला फौजेच्या रेनल्ड्सने पावडर नदीवर ओल्ड बेअर आणि टू मून यांची शायेन छावणी जाळली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मते त्यांचं कोणाशी युद्धच चालू नव्हतं. रात्री त्यांनी बहुतेक घोडे परत पळवून आणले, पण मांस आणि तंबू गेले होते. ते चालत लकोटा पुढारी क्रेझी हॉर्सच्या छावणीत गेले, आणि दोन्ही छावण्या मिळून सिटिंग बुलकडे. त्याच्या हंकपापा या लकोटा शाखेच्या लोकांनी त्यांना तंबू, कातडी, घोडे दिले. जूनमधली ती प्रचंड छावणी अशी वाढत गेली, आणि तिला पहिली भर फौजेनेच घातली.

जूनच्या सुरुवातीच्या सूर्यनृत्यात सिटिंग बुलच्या दोन्ही बाहूंवरून प्रत्येकी ५० मांसाचे तुकडे काढले गेले. त्याला दृष्टान्त झाला: सैनिक डोकी खाली करून छावणीत पडताहेत, त्यांना कान नाहीत. सोबत ताकीदही होती, त्यांचं सामान घेऊ नका.

१७ जूनला रोझबडला क्रूकच्या हजाराहून अधिक सैनिकांना या लोकांनी सहा तास थोपवलं. रात्रभर घोडे चालवून गेले आणि सकाळी लढले. फौज छावणीपर्यंत पोचण्याआधी तिला बाहेर गाठायचं, हा विचार होता. शायेन तिथल्या लढाईला बहिणीने भाऊ वाचवला ती लढाई म्हणतात: बफेलो काफ रोड वुमन गोळीबारातून घोडा घालून गेली आणि घोडा गमावलेल्या कम्स इन साइटला मागे बसवून घेऊन आली. क्रूक गूज क्रीकला मागे गेला आणि ऑगस्टपर्यंत तिथून पुढे सरकला नाही.

तळहात

एक वेगळी बाजू. हा धागा लकोटा-शायेनांचा आहे, मान्य. पण रोझबडला क्रूकबरोबर क्रो आणि शोशोनी, या लकोटांच्या शत्रू जमातींचे, मिळून अडीचशेच्या वर लढवय्ये होते, आणि त्या सकाळी पहिला तडाखा त्यांनीच अंगावर घेतला म्हणून फौज वाचली. कस्टरबरोबर क्रो आणि अरिकारा होते. त्यांना सरकारचे भाट म्हणून मोकळं होता येणार नाही. १८५१ च्या तहात पावडर नदीचा मुलूख क्रो लोकांचा मानला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बायसनच्या मागे सरकत लकोटांनी तो घेतला. प्लेंटी कूज आणि इतर क्रो पुढाऱ्यांपुढे हिशेब सरळ होता: संख्येने कितीतरी मोठा शत्रू दाराशी आहे, त्याच्याशी लढणारी फौज आली तर तिच्याबरोबर जायचं. लिटल बिगहॉर्नचं रणांगण आज क्रो रिझर्वेशनच्या आत आहे, हे लक्षात ठेवावं.

रानवाट

तळहात, मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तो न सांगता लकोटांची बाजू मांडणं अप्रामाणिक ठरेल. तरीही पावडर मुलूख लकोटांनी क्रोंकडून घेतला, एवढ्यावरून अमेरिकी सरकारला १८६८ चा स्वतःचा तह मोडायचा हक्क मिळत नाही. लकोटांनी रिझर्वेशनची जमीन सोडायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, असं त्या तहाच्या १२ व्या कलमात आहे. १८७६ मध्ये शिधा बंद करण्याची धमकी देऊन काळ्या टेकड्यांसाठी (ब्लॅक हिल्स, या रिझर्वेशनमधला डोंगराळ भाग) जेमतेम दहा टक्के सह्या मिळवल्या, आणि १८७७ च्या कायद्याने जमीन घेतली.

जुनेनकाशे

२५ जूनच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईबद्दल. छावणी नदीच्या पश्चिमेला, अडीच-तीन किलोमीटर पसरलेली. वरच्या टोकाला हंकपापा, खालच्या टोकाला शायेन, मध्ये मिनिकोंजू, सान्स आर्क, ओगलाला वगैरे लकोटांच्या शाखा. फौज आसपास आहे हे माहीत होतं, पण त्या दिवशी भर दुपारी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. बायका रानसलगम खणत होत्या. वुडन लेग रात्रीच्या नाचानंतर नदीत आंघोळ करून झाडाखाली झोपला होता.

कस्टरच्या हाताखालचा अधिकारी रेनो वरच्या टोकावर आला. घोडे छावणीपासून दूर चरत होते, ते आणावे लागले. वुडन लेग सांगतो की त्याने चांगले कपडे घातले, तोंड रंगवलं, वडील घाई करत होते म्हणून केस विंचरायचे राहिले आणि नुसते मागे बांधले. मरायचं तर नीटनेटकं, अशी ही तयारी. ती होईपर्यंत हंकपापांनी रेनोला थोपवलं. हंकपापा पुढारी गॉलच्या दोन बायका आणि तीन मुलं या पहिल्या हल्ल्यात मारली गेली. मूव्हिंग रोब वुमन सलगम खणायची काठी टाकून आली, भाऊ मेल्याचं कळताच घोड्यावर बसली.

रेनो हटल्यावर ओरडा झाला: खालच्या टोकाला अजून सैनिक आहेत. मेडिसिन टेल घळीच्या उताराशी सुरुवातीला बॉबटेल हॉर्स, रोन बेअर असे मोजके शायेनच होते. त्यांनी नदीकाठून गोळीबार चालू ठेवला.

पुढचं मुख्य काम घोड्यांवर झालं. घोडदळ पायउतार झालं की दर चौथा माणूस घोडे धरतो, म्हणजे एक चतुर्थांश बंदुका आधीच कमी. गॉलने नंतर सांगितलं की त्यांनी आधी घोडे धरणाऱ्यांना टिपलं आणि घोंगड्या हलवून घोडे उधळले. प्रत्येक सैनिकाजवळ कार्बाइनच्या १०० गोळ्या होत्या, पण त्यांतल्या निम्म्या खोगिराच्या पिशवीत. घोडा गेला की त्या गेल्या. मग शायेन लढवय्या लेम व्हाइट मॅनची चढाई, क्रेझी हॉर्सने मधल्या फटीतून घोडा काढणं, आणि तुकड्या एकमेकींपासून तुटणं.

कोरापान

इथे पुरातत्त्वाचा दाखला द्यायला हवा. ऑगस्ट १९८३ मध्ये गवताला आग लागून रणांगण उघडं पडलं. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी चौकटी आखून धातुशोधकाने जमीन पिंजली. प्रत्येक बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर स्वतःची खूण सोडते. त्यामुळे एकच बंदूक आधी कुठे आणि मग कुठे चालली हे नकाशावर मांडता आलं. हेन्री आणि विंचेस्टरच्या काडतुसांचा ढीग कॅलहून टेकडीजवळच्या एका उंचवट्यावर सापडला. तिथून कस्टरची एल तुकडी मारली गेली. सैनिकांच्या बंदुकांत काडतूस अडकल्याच्या खुणा अगदी थोड्या मिळाल्या, म्हणजे खराब बंदुकांमुळे हरले हा जुना खुलासा टिकत नाही. शेवटच्या टेकडीवर दीर्घकाळ झुंज झाल्याचाही पुरावा नाही. फळ्या फुटल्या आणि माणसं गठ्ठ्याने पळाली. लकोटा आणि शायेन साक्षीदार शंभर वर्षं हेच सांगत होते.

पारिजातक

मग त्या साक्षींवर इतकी वर्षं विश्वास का ठेवला गेला नाही? आणि आज वाचायच्या तर कशा?

कोरापान

काही कारणं साक्ष घेणाऱ्यांकडून आली. प्रश्न विचारणारे फौजेचे अधिकारी, वार्ताहर. त्यांना एकच हवं असे: कस्टरला कोणी मारलं, तो कसा मेला. सांगणाऱ्यांना कोण होता तो, हे त्या धुळीत माहीतच नव्हतं. शिक्षेची भीती खरी होती, म्हणून १८७७-८१ च्या काळातल्या उत्तरांत नावं गाळलेली दिसतात. दुभाष्याची भर वेगळी.

दुसरं, मुक्तछंद यांनी सांगितलं तेच: माणूस स्वतः पाहिलं आणि केलं तेवढंच सांगतो. पूर्ण लढाईचा आराखडा एका साक्षीत शोधला तर ती विस्कळित वाटते. वाचताना आधी हा माणूस कोणत्या वर्तुळातला, त्याचा तंबू छावणीच्या कोणत्या टोकाला, हे ठरवा. मग त्याला कोणती टेकडी दिसत असेल ते नकाशावर बघा. वेळ घड्याळाने न लावता सूर्याने आणि घटनांच्या क्रमाने लावा. एकाच माणसाची दोन-तीन नावं असतात हे ध्यानात ठेवा.

चित्रं तर साक्षीपेक्षा नेमकी. मिनिकोंजू रेड हॉर्सने १८८१ मध्ये शायेन रिव्हर एजन्सीत डॉ. मॅकचेस्नी यांच्यासाठी ४२ चित्रं काढली, मोठ्या २४ बाय ३६ इंची कागदांवर. वाचायची रीत अशी: हालचाल बहुधा उजवीकडून डावीकडे. डोक्यापासून निघालेल्या रेघेच्या टोकाला माणसाच्या नावाचं चित्र. नुसते खुरांचे ठसे म्हणजे घोडा कुठून आला ती वाट. बंदुकीच्या तोंडाशी फराटा म्हणजे बार. शत्रूवर तरंगणारं एकटं हत्यार म्हणजे त्याला शिवल्याची नोंद. सैनिक टोपी आणि दाढीवरून ओळखायचे. रेड हॉर्सने मेलेले सैनिक काढले, मेलेले घोडे पानभर वेगळे काढले, आणि आपल्या बाजूचे मेलेलेही काढले. शेवटी छावणी उठून निघाल्याची चित्रं आहेत. त्याच्या दृष्टीने लढाई तिथे संपते.

अश्वत्थ

छावणी उठणं हा भाग नेहमी वगळला जातो. २६ जूनला दुसरी फौज येतेय हे कळल्यावर हजारो लोक, सगळे घोडे आणि जखमी घेऊन संध्याकाळपर्यंत निघाले, मागे गवत पेटवून. रेनोला मारायला थांबले असते तर गवत, शिकार आणि सुरक्षितता तिन्ही गमावली असती. पुढे टोळ्या पांगल्या तेही चाऱ्यासाठीच.

मुक्तछंद

आणि पांगल्यानंतरचा हिवाळा. रेड फोर्कला डल नाइफ आणि लिटल वुल्फ या शायेन पुढाऱ्यांची छावणी, दोनशेच्या आसपास तंबू. सैनिक जवळ आहेत हे टेहळ्यांनी आधीच सांगितलं होतं. बायकांनी घोड्यांवर सामान बांधायला घेतलं. किट फॉक्स मंडळाचा नाईक लास्ट बुल याने अडवलं, बांधलेल्या दोऱ्या कापल्या, शोशोनींवर मिळवलेल्या विजयाचा नाच रात्रभर चालू ठेवायला लावला. ज्या मंडळाच्या शिस्तीने फेटरमनच्या लढाईत सापळा टिकला, तोच अधिकार इथे उलटला. पहाटे मॅकेन्झीचं घोडदळ आलं, सोबत पॉनी आणि शोशोनी जमातींचे, आणि एजन्सीतून भरती केलेले लकोटा आणि शायेन स्काउटसुद्धा.

सुमारे चाळीस माणसं मेली. तंबू, वाळवलेलं मांस, पेमिकन (कुटलेलं मांस आणि चरबी), कातडी, शिरोभूषणं, सगळं जाळलं. सातशेच्या आसपास घोडे नेले. त्या रात्री थंडी इतकी होती की उरलेले घोडे मारून, पोट फाडून म्हाताऱ्यांचे हातपाय आत घालून ऊब दिली. अकरा तान्ही मुलं गोठून मेली. जगलेले डोंगर ओलांडून क्रेझी हॉर्सकडे चालत गेले. त्याच्याकडेही फारसं उरलं नव्हतं, तरी त्याने वाटून दिलं. ८ जानेवारी १८७७ ला वुल्फ माउंटनला बर्फात माइल्सच्या तोफांसमोर लढून पाहिलं. ६ मे ला क्रेझी हॉर्स कॅम्प रॉबिन्सनला शरण आला. लढाईत त्याला कोणी हरवलं म्हणून तो आला नाही. लोकांजवळ खायला नव्हतं आणि घोडे चालत नव्हते.

तळहात

भेट देणाऱ्यांसाठी एक. रणांगणावर सैनिक पडले तिथे पांढऱ्या शिळा १८९० पासून आहेत. शायेन आणि लकोटा घराण्यांनी आपली माणसं पडली त्या जागांवर दगडांचे ढीग रचले होते, त्यांतल्या काही जागा शायेन इतिहासकार जॉन स्टँड्स इन टिंबर यांनी दाखवून दिल्या. १९९१ च्या कायद्याने स्मारकाच्या नावातून कस्टर गेला, १९९९ पासून लढवय्यांसाठी लाल ग्रॅनाइटच्या शिळा बसू लागल्या: लेम व्हाइट मॅन, नॉइझी वॉकिंग. इंडियन स्मारक २००३ मध्ये खुलं झालं.

पारिजातक

काळ्या टेकड्यांच्या खटल्याचं पुढे काय झालं?

रानवाट

३० जून १९८० ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की जमीन योग्य मोबदला न देता घेतली. १.७१ कोटी डॉलर मूळ किंमत आणि १८७७ पासूनचं ५ टक्के व्याज मिळून साधारण १०.५ कोटी ठरले. लकोटांनी पैसे घेतले नाहीत, जमीन मागितली. रक्कम सरकारी खात्यात वाढत जाऊन एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे आणि अजून उचललेली नाही.